याकोब मिस्त्रीची न दिसणारी इमारत

याकोब मिस्त्री कोणतीही इमारत पहिल्यांदा चार पायांवर बघत असे. म्हणजे दोन पाय आणि दोन हात. विसरवाडीच्या नव्या चौकीचं काम दाखवायला मी त्याला बोलावलं, तेव्हा या साठीला आलेल्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, धोतर वर खोचलं आणि भर बाजाराच्या दिवशी चौकीभोवती रांगत एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मध्येच थांबून भिंतीचा वास घेतला. मग उठला, गुडघे झाडले आणि गंभीरपणे म्हणाला,

"साहेब, ही इमारत खचित उद्धट आहे."

"उद्धट? चौकी?"

"होय. वाटेत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस विचारते, मी कशी दिसते? जनावर हिच्याजवळ येणार नाही."

"मिस्त्री, इथे जनावरांनी यावं अशी सरकारची अपेक्षाच नाही."

"त्यांस विचारलं काय?"

तोपर्यंत सुरतेकडे निघालेल्या मोटारीतले सगळे उतारू खिडकीतून माना काढून आमच्याकडे बघत होते. समोरच्या हॉटेलातून हिरामण ओरडला, "रावसाहेब, तुमना मिस्तरीनं काय हरपनं?" मी काहीतरी पडल्याचं सोंग करून जमिनीकडे बघितलं. मला कुठे ठाऊक, की पुढचे पाच महिने मी या माणसाच्या ताब्यात जाणार आहे! कागदोपत्री अर्थात तो माझ्या हाताखाली होता.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. हा सगळा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. मी पुण्याकडून आलेला नवा ओव्हरसीयर, नोकरीत कायम व्हायचा होतो. त्याला एक खाजगी कारणही होतं. लग्न ठरलं होतं. मुलगी तयार होती, मी तर होतोच, पण होणारे सासरे 'आधी कायम झाल्याची ऑर्डर दाखवा' म्हणून अडून बसले होते. आणि ती ऑर्डर ज्यांच्या सहीने निघायची ते आमचे मोठे साहेब नेमके त्याच वर्षी प्राणिप्रेमी झाले. जन्मभर बंदूक खांद्यावर टाकून हिंडलेल्या या माणसाने बंदूक ठेवली आणि दुर्बीण घेतली. विसरवाडी-नवापूरच्या मधल्या डोंगरात एक बारमाही पाण्याचा नाला आहे. तिथे अस्वल, सांबर, भेकर पाण्यावर येतं ते बसून बघता यावं म्हणून एक निरीक्षणगृह बांधा, असा हुकूम आला. 'इमारत त्याच रानातल्या सामानाने, रानास उपद्रव न होईल अशी शक्यतो असावी', असं त्यात लिहिलं होतं. त्यातला 'शक्यतो' एवढा एकच शब्द मी नीट वाचला.

मी रात्रंदिवस खपून नकाशा काढला. सिमेंटचं जोतं, चार पायऱ्या, पत्र्याचं छप्पर, गज लावलेल्या खिडक्या, आणि पुढे छोटा व्हरांडा. व्हरांड्यात कुंड्यांना जागा ठेवली होती.

सगळ्यांनी सांगितलं, त्या रानात काम करायचं तर याकोबशिवाय होणार नाही. तो तिथल्याच एका पाड्यावरचा ख्रिस्ती कोकणी. कोकणी म्हणजे कोकणातला नव्हे, नवापूरच्या डोंगरातला. घरी तो त्यांची बोली बोले, बाजारात अहिराणी. पण कामाच्या जागी मात्र मिशनच्या शाळेत शिकलेली, इस्त्री केल्यासारखी शुद्ध मराठी. मी पुण्याचा असून माझ्या तोंडी 'च्यायला' असे, आणि हा मला विचारी, "आपण कोपलात काय?" अशा माणसावर नीट चिडताही येत नाही.

त्याने माझा नकाशा उभा धरला, आडवा धरला, मग जमिनीवर अंथरून त्याच्यासमोर बसला.

"या कुंड्या कोणासाठी?"

"शोभेसाठी."

"रानात?" एवढंच म्हणून त्याने नकाशाची घडी केली. ती घडी मला पुन्हा कधी दिसली नाही. पुढे त्याच्या न्याहारीच्या भाकरी निळसर कागदात बांधलेल्या असत, एवढं मात्र मी पाहिलं.

काम सुरू झालं म्हणजे थांबलं. बांबू तोडायचे तर अंधाऱ्या पंधरवड्यातच. चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो. तेव्हा नुकती अष्टमी झाली होती. आम्ही चंद्र मोठा होण्याची आणि मग लहान होण्याची वाट बघत बसलो. मला दर शनिवारी कामाचा अहवाल पाठवावा लागे. पहिल्या शनिवारी लिहिलं, 'चंद्र वाढत आहे.' नंतर लिहिलं, 'चंद्र कमी होत आहे.' शेवटी बांबू तुटले, तर मिस्त्रीने ते वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवले. तीन आठवडे. मी इमानाने लिहीत राहिलो, 'बांबू भिजत आहेत', 'बांबू अद्याप भिजत आहेत.' कचेरीतून उलट टपाली विचारणा आली, 'ओव्हरसीयर काय करीत आहेत?'

खिळा तर त्याने एकही वापरू दिला नाही. पळसाच्या मुळ्या ठेचून वाक काढायचा, त्याच्या दोऱ्या वळायच्या आणि सगळं बांधकाम त्यांनी आवळायचं.

"उन्हात खिळा बोलतो," तो म्हणे.

"खिळा काय बोलणार?"

"टक्‌ असं बोलतो. आपणांस ऐकू येत नाही. त्यांस येतं."

त्याला खोटं पाडायला मी चौकीच्या पत्र्याखाली एक अख्खी दुपार कान देऊन बसलो. बसलो नसतो तर बरं झालं असतं. अजून मला दुपारच्या झोपेत खिळे ऐकू येतात.

मग त्याला साहेबांची बैठकीची उंची हवी झाली. भिंतीत बघण्यासाठी ठेवायची फट चार बोटांची असणार, ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोरच यायला हवी, नाहीतर माणूस चुळबुळ करतो, हे त्याचं म्हणणं. म्हणणं रास्त होतं. ते मी तसंच सरकारी भाषेत उतरवलं: 'मा. साहेबांच्या बुडापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर इंचात त्वरित कळवावे.' अंतर आलं नाही. माझी प्रकृती कशी आहे अशी चौकशी मात्र आली.

माझ्या अंगाच्या वासावरून तर आमचे रोज खटके उडत. वासाचा साबण त्याने पहिल्याच आठवड्यात बंद केला. एकदा मी नंदुरबारला जाऊन आलो. मिरचीचा हंगाम होता, पथारीच्या पथारी लाल झालेल्या, आणि मी हौसेने त्यांच्यामधून हिंडलो होतो. रानाच्या वाटेवर मिस्त्रीने मला वीस हातांवरून थांबवलं.

"आपण आज येऊ नये."

"का?"

"आपण मिरची झाला आहात."

दोन दिवस मी माझ्याच कामावरून हद्दपार होतो. हिरामणच्या हॉटेलात बसून राहिलो. हिरामण चहा पुढे ठेवीत म्हणाला, "रावसाहेब, बंगला बांधी ऱ्हायनात का कोल्हानं दर खंदी ऱ्हायनात?"

"बीळ नव्हे, बंगलाच म्हणा."

"तो मिस्तरी जनावरेसना शे, रावसाहेब. मानसेसना नही. त्याना घर कोनी जात नही, तो कोनाघर येत नही." आणि मग डोळा मिचकावून, "तुम्हीबी रांगाले शिकी ल्या. कायम व्हई जाशात!"

मी हसलो नाही. कायम होण्यासाठी मी रांगायलाही तयार झालो होतो, इतकी पाळी आली होती.

फाल्गुनात भिंती उठू लागल्या. 'उठू' म्हणणं खोटं आहे. मिस्त्रीने नाल्याची दरड आत कोरली आणि अर्धी इमारत जमिनीतच घातली. पुढे बांबूचा कूड, त्यावर तिथल्याच मातीचा लेप, वर पुन्हा माती. एवढं पाहिलं आणि मला हिवतापाने धरलं. तीन आठवडे मी नंदुरबारला पांघरुणाखाली दात वाजवीत पडून होतो. परत विसरवाडीला आलो तर कचेरीचं पत्र वाट बघत होतं: मोठे साहेब पुढल्या आठवड्यात स्वतः येत आहेत, काम पूर्ण झाल्याचा दाखला ताबडतोब पाठवावा.

नाला तिथून सहा मैल. माझ्या पायांत त्राण नव्हतं, आणि हिरामणच्या कढईत भजी पडली होती. तेवढ्यात मिस्त्री स्वतःच आला.

"झालं काम?"

"खचित झालं."

"कशी काय दिसते?"

त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच अभिमान बघितला. "उत्तम. दिसत नाही."

मला वाटलं, हा त्याचा विनय. मी तेलकट बोटांनी लिहिलं, 'सदर इमारत प्रत्यक्ष जाऊन, सर्व बाजूंनी पाहून खात्री केली आहे', आणि खाली झोकदार सही ठोकली.

साहेब आले. उंच माणूस, डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण. दुपारी चारच्या सुमारास सडकेवर जीप ठेवून आम्ही रानात शिरलो. मी पुढे, तोंडाने अखंड माहिती देत. "ही काय, या वळणावरच आहे."

वळण आलं. नाला होता. दरड होती. करवंदीच्या जाळ्या, वेली, वाळकं गवत, सगळं जागच्या जागी होतं. इमारत नव्हती.

"पुढच्या वळणावर," मी म्हणालो.

पुढच्या वळणावरही नव्हती. आम्ही तीनदा वर गेलो, तीनदा खाली आलो. मी हाका मारल्या. "मिस्त्री! अहो याकोब मिस्त्री!" रान मुकाट. चौथ्या फेरीला साहेब थांबले. घाम पुसत, फार गोड आवाजात म्हणाले,

"तुम्ही सर्व बाजूंनी पाहून खात्री केली आहे ना?"

"हो साहेब."

"दार कोणत्या बाजूला आहे?"

"पूर्वेला." मग माझी जीभ पुढे गेली, "बहुधा."

"कागदावरच्या विहिरी मी पाहिल्या आहेत. कागदावरचे पूल पाहिले आहेत. पण कागदावरची इमारत दाखवायला मला इतकं चालवणारा तुम्ही पहिलाच." ते वळले. "मी आज नवापूरला मुक्काम करतोय. उद्या सकाळी पुन्हा या सडकेने जाईन. इमारत दिसली तर ठीक. नाही दिसली तर तुम्हीही मला दिसू नका."

ते तरातरा सडकेकडे निघून गेले. मी दरडीवरच्या एका उंचवट्यावर मट्‌कन बसलो. लांबवर जीपचा धुरळा उठला. त्या धुरळ्यात नोकरी गेली, लग्न गेलं, सासरे तर सगळ्यांच्या पुढे पळत गेले. मी डोकं धरून बसलो असताना माझ्या बुडाखालून अगदी सौम्य आवाज आला,

"साहेब, आपण छपरावर बसला आहात."

करवंदीची एक फांदी बाजूला झाली आणि तिच्यामागून याकोब मिस्त्री उभा राहिला. टोपी काढून त्याने मला नमस्कार केला.

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. 'कोपलात काय' हे विचारण्याची गरज त्यालाही वाटली नाही.

"तुम्ही आत होतात? आणि माझ्या हाका ऐकत होतात?"

"होय. आठ हाका मारल्यात."

"मग ओ का नाही दिलीत?"

"ती पाण्यावर होती. अस्वलीण. पाठीवर पिलू होतं. वारा तिच्याकडून आपल्याकडे होता, यास्तव तिला आपला वास गेला नाही. आपल्या हाकांनी ती थबकलीच होती, त्यात माझा आवाज जवळून झाला असता तर ती बिथरली असती. आणि वर चढण्याची वाट एकच. तिथे आपण आणि मोठे साहेब उभे होतात."

मी खाली पाहिलं. ओल्या वाळूत पावलं होती, लहान मुलाच्या पावलासारखी, पण पुढे लांब नखांच्या खुणा. आम्ही तिथून तीस पावलांवर इमारत शोधत होतो.

यावर माणसाने आभार मानायचे असतात. मी म्हणालो, "त्यापेक्षा तिने मला खाल्लं असतं तर बरं! उद्या मी काय दाखवू? माझी नोकरी गेली, मिस्त्री. लग्न मोडलं. तुमच्या या हट्टापायी!"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग नेहमीच्या इस्त्रीच्या मराठीत, पण तिला आज कुठेतरी सुरकुती पडल्यासारखी वाटली, म्हणाला,

"मी आत आहे हे तिला ठाऊक आहे, साहेब. पहिल्या दिवशी ती फटीजवळ आली, हुंगलं, आणि परत पाण्याकडे गेली. तेव्हापासून रोज येते. पाड्यावर मी दार उघडं टाकून बसतो. मुलगा सुरतेस गिरणीत आहे. त्याची आई गेली त्यास सहा वर्षं झाली. कोणी येत नाही. इथे दार लावून बसतो, तर..."

मी हे सगळं ऐकलं, पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हा सासरे होते.

"किती दुरून दिसली पाहिजे?" त्याने एकदम विचारलं.

"सडकेवरून!" मी खेकसलो. "जीपमधून पाय खाली न टाकता!"

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडकेवर जाऊन उभा राहिलो तो राजीनाम्याची वाक्यं जुळवीत. जीप आली. साहेब काही बोलण्याच्या आधीच ड्रायव्हर म्हणाला, "ते काय पांढरं?"

रानात सडकेपासून नाल्यापर्यंत बैलगाडी जाईल एवढी सरळ वाट तोडलेली होती. दोन्ही कडांना गोटे मांडले होते. वाटेच्या शेवटी सगळ्या वेली, सगळ्या जाळ्या कापून बाजूला टाकलेल्या, आणि दरडीत ती इमारत उभी होती. पांढरीफटक. उन्हात डोळ्यांना सहन होईना. मिशनच्या देवळाला ईस्टरसाठी चुना आणून ठेवला होता, तो रातोरात इथे लागला होता. दाराशी मिस्त्री उभा होता. भुवयांपर्यंत चुना उडालेला.

"वा!" साहेब म्हणाले. "डोळ्यांत भरते अगदी! काल ही आपल्याला दिसली कशी नाही?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मिस्त्री बोलला. "काल आपल्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप होती, साहेब." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो हे माझ्या बुटांकडे बघून बोलला.

साहेब आत गेले. फट बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आली, याचं त्यांना फार नवल वाटलं; काल मिस्त्रीने त्यांना आतून नजरेनेच मोजलं असणार. अर्धा तास बसले. एक साळुंकी पाहिली. "जनावरं बुजरी आहेत इथली," असं म्हणून उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि बाकीच्या ठिकाणीही असाच चुना द्यायला सांगितलं. "ऑर्डर या महिन्यात निघेल. चला, तुम्हाला विसरवाडीला सोडतो."

मी जीपपर्यंत गेलोही होतो. मग म्हणालो, "थोडं काम राहिलंय, साहेब."

परत आलो तर मिस्त्री तोडलेल्या वेली उचलून बघत होता. मुळं शाबूत असलेल्या तेवढ्या निवडून एका बाजूला ठेवीत होता.

"आता ती येईल का, मिस्त्री?"

"चुना पावसात धुऊन जाईल," तो म्हणाला.

"आणि ती?"

त्याने हातातल्या वेली खाली ठेवल्या. हात धुतले, आत गेला आणि बाकावर एका टोकाला सरकून बसला. दुसरं टोक रिकामं ठेवलं. मी आत जाऊन बसलो. ओल्या चुन्याचा वास नाकात भरत होता. मला येत होता, म्हणजे मैलभर सगळ्यांना येत असणार. दुपार झाली. ऊन दरडीवर चढलं, मग उतरलं. पाण्यावर कोणी आलं नाही. कालची पावलं वाळूत तशीच होती.

उन्हं कलताना एक कावळा आला. दगडावर बसला, चोच बुडवली, मान वर केली, त्या पांढऱ्या भिंतीकडे तिरक्या डोळ्याने बघितलं आणि पुन्हा पाणी प्याला. मिस्त्रीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, माझ्या कानाशी वाकला आणि अगदी हळू म्हणाला,

"आला."